तळ्यात उतरण्याआधी काठावर कोण आहे ते ठरवा

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही पुण्यात राहता, सासर भोरजवळ भाटघर धरणाच्या पाण्याकाठी आहे आणि मे महिन्याच्या सुटीत सगळी भावंडे तिथे जमतात. १४ वर्षांचा मुलगा दोन उन्हाळे तरणतलावात शिकला असून न थांबता १० फेऱ्या मारतो. गेल्या दिवाळीत तो १६ वर्षांच्या पुतण्याबरोबर घरी न सांगता धरणाच्या पाण्यात पोहून आला आणि ही गोष्ट आता उघड झाली आहे. तुमच्या यजमानांनी पाण्याचे नावही काढायचे नाही असे बजावले आहे, तर सासरे म्हणतात की आम्ही सगळे विहिरीतच शिकलो, पाण्याला भिणाऱ्याला पोहता येत नाही. या दोघांच्या मध्ये तुम्ही सापडला आहात आणि मुलांना पाठवावे की नाही, पाठवायचे तर कोणती काळजी घ्यावी, असे विचारता आहात.

माझे उत्तर आधीच सांगते. मुलांना पाण्यात उतरू द्यावे, परंतु काठावर एक जाणते माणूस हातात दोर घेऊन, दुसरे काहीही न करता, केवळ पाण्याकडे पाहत उभे असेल तेव्हाच. ज्या दिवशी असे माणूस मोकळे नसेल त्या दिवशी कोणीही उतरायचे नाही, मग मुलगा कितीही चांगला पोहत असो.

यजमानांची भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली, आणि आपल्याकडे तर उन्हाळ्याच्या सुटीतले वर्तमानपत्र उघडावे आणि धरणावर गेलेल्या मुलांची बातमी दिसू नये असे क्वचितच होते. तरीही मी सरसकट बंदीच्या बाजूची नाही. तुमचा मुलगा एकदा जाऊन आलेला आहे. पाणी घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि सुटी महिनाभराची आहे. बंदी घातली तर तो पुन्हा जाईल, फक्त या वेळी अधिक काळजीपूर्वक लपवील, आणि लपून पोहण्यातला सर्वांत मोठा धोका हाच असतो की मुले पाण्यात आहेत हे काठावरच्या कोणालाही ठाऊक नसते. दिवाळीत तो सुखरूप परत आला, याचा अर्थ ती जागा सुरक्षित आहे असा मात्र मुळीच होत नाही. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिते.

सासऱ्यांचे म्हणणेही मला सोडून देता येत नाही, कारण मी स्वतः विहिरीतच शिकले. पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून, नाहीतर झाकण घट्ट बसवलेला तेलाचा डबा बांधून मुलांना पाण्यात सोडत, हे त्यांना चांगले आठवत असेल. पण त्यांना एवढे जरूर विचारा की तेव्हा कमरेच्या दोराचे दुसरे टोक कोणाच्या हातात होते. विहिरीच्या थारोळ्यावर चुलता, मामा किंवा थोरला भाऊ तो दोर धरून उभा असे आणि पोर गटांगळी खाऊ लागले की वर ओढून घेई. विहीर ओळखीची होती, पायऱ्या कुठे संपतात आणि पाणी किती पुरुष आहे हे सगळ्यांना माहीत होते. त्या पिढीतली मुले धाडसामुळे वाचली असे आज आपण सांगतो. खरे तर ती त्या दोर धरणाऱ्या माणसामुळे वाचली. आज मुले धरणावर जाताना भोपळाही नेत नाहीत आणि दोर धरणारा माणूसही नेत नाहीत, म्हणून विहिरीचा दाखला त्यांना लागू पडत नाही.

आता पाण्याविषयी. तरणतलावात तळ दिसतो, खोली भिंतीवर लिहिलेली असते आणि थोड्या थोड्या अंतरावर हाताला कठडा लागतो. १० फेऱ्या मारणारा मुलगा १० वेळा भिंतीला पाय लावून जोर घेतो, हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. तळ्यात भिंत नाही, हाताखाली काय आहे ते दिसत नाही, आणि मोकळ्या पाण्यावर नजर फसते. समोरचा काठ असतो त्यापेक्षा खूपच जवळ वाटतो. अर्ध्यावर गेल्यावर धाप लागते, मागे पाहिले तर परतीचा काठही तितकाच लांब असतो, आणि तिथे घाबरगुंडी उडते. पोहता येणारी माणसे बुडतात ती पुष्कळदा अशीच.

भाटघरच्या पाण्याखाली काय आहे, याचा विचार मुलांनी कधीच केलेला नसेल. १९२० च्या दशकात हे मोठे धरण बांधले गेले तेव्हा वेळवंडी नदीचे खोरे पाण्याखाली गेले. ती सपाट जमीन नव्हती. तिथे उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे होती, त्यांचे बांध होते, झाडे होती, घरांची जोती होती. त्यामुळे काठावरून आत चालत जाणारे मूल दहा-बारा पावले कमरेइतक्या पाण्यात निर्धास्त चालते, कारण ते एका जुन्या खाचरात चालत असते, आणि पुढच्याच पावलाला बांध संपून पाय खालच्या खाचराकडे जातो. कमरेचे पाणी एकाच पावलात डोक्यावर जाते. ज्याला पोहता येत नाही त्याचा घात इथेच होतो, आणि त्याला धरायला धावलेल्यांचाही.

हे सारे वर्षभर सारखे राहिले असते तरी शिकून घेता आले असते. पण या जलाशयात साडेतेवीस टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) पाणी मावते आणि नीरेच्या कालव्यांसाठी ते वर्षभर सोडले जात असल्याने उन्हाळ्यात पातळी फार खाली जाते. एरवी पाण्यात असलेले कांबरे गावाजवळचे कांबरेश्वराचे मंदिर उन्हाळ्यात उघडे पडते, हे तुमच्या सासरी सर्वांना ठाऊक असेल. म्हणजेच दिवाळीत तुमचा मुलगा जिथे पोहला ती जागा मे महिन्यात कोरडी असेल, आणि मे महिन्यातला काठ हा त्याने कधी न पाहिलेला, दिवाळीत कितीतरी फूट पाण्याखाली असलेला तळ असेल. त्या काठावर वरून सुकलेली, भेगाळलेली माती दिसते, पण खाली गाळ ओला असतो. त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि जोर लावून एक पाय काढावा तर दुसरा अधिक खोल जातो. म्हणून दर सुटीत, दर वेळी, जागा नव्याने पाहावी लागते. आदल्या खेपेचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही, उलट फसवतो.

जागा निवडण्याचे काम मुलांवर सोडू नका आणि तुम्हीही अंदाजाने करू नका. गावातले मासेमारी करणारे कोणी असतील तर त्यांना घेऊन काठाने फिरा. गाळ कुठे आहे, उतार सावकाश कुठे आहे, बुडालेल्या झाडांचे खुंट कुठे आहेत आणि जाळी कुठे लावलेली असतात, हे त्यांच्याइतके कोणालाही माहीत नसते. नायलॉनचे बारीक जाळे पाण्यात दिसत नाही आणि पायाला गुंडाळले की हिसके देऊन सुटत नाही, आणखी आवळते. दुसरी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती सहसा कोणी सांगत नाही, ती म्हणजे काठावरच्या शेतीच्या मोटारी. जिथे पाणी उपसण्यासाठी विजेच्या मोटारी बसवल्या आहेत आणि केबली काठावरून पाण्यात गेल्या आहेत, तिथे केबलीचे वेष्टण कुठे उसवले आहे हे पाहून कळत नाही. अशा जागेपासून मुलांना पुष्कळ दूर ठेवा. मोटार बंद आहे असे कोणी सांगितले तरी पाण्यात उतरू देऊ नका, कारण वीज केव्हा येईल याचा नेम नसतो. धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा आणि पाणी सोडण्याची मोरी यांच्या आसपास तर उतरायचेच नाही. वरून पाणी संथ दिसते तेव्हाही आतून ओढ असू शकते. जिथे पोहण्यास मनाई असल्याचा फलक आहे तिथे चर्चेचा प्रश्नच नाही, मुलांपुढे तो फलक ओलांडणारे वडीलधारे तुम्ही होऊ नका.

मुलाची तयारी कशी ओळखायची, असाही प्रश्न तुमच्या पत्रात आहे. त्याने किती फेऱ्या मारल्या यावर मी जात नाही. पुण्यातच, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, त्याला खोल भागात भिंतीला हात न लावता पाच मिनिटे एका जागी तरंगायला सांगा. अंगावर शर्ट आणि अर्धी चड्डी ठेवून पोहायला सांगा. पोहण्याचा चष्मा काढून ठेवायला सांगा, कारण चष्म्याची सवय लागलेली मुले डोळ्यांत पाणी जाताच गोंधळतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दमल्यावर उताणे होऊन, कान पाण्यात बुडवून, हनुवटी वर ठेवून, शांतपणे श्वास घेत पडून राहता येते का ते पाहा. तळ्यात जीव वाचवणारे कौशल्य हेच आहे. पोटरीत गोळा आला तरीही हेच करायचे: उताणे व्हायचे, पायाचा चवडा नडगीकडे ओढून धरायचा, आणि गोळा सुटेपर्यंत हात हळूहळू हलवत राहायचे. हे सगळे त्याला सहज जमत असेल तर तो तळ्यासाठी तयार आहे असे मी म्हणेन. पुतण्याची परीक्षाही अशीच घ्या, तो थोरला आहे म्हणून सूट देऊ नका. नीट पोहता न येणाऱ्या धाकट्यांना अंगावर बरोबर बसणारे जीवरक्षक जाकीट घालूनच उतरवा. ट्रॅक्टरची ट्यूब किंवा हवेचे खेळणे हे त्याऐवजी चालत नाही, वाऱ्याने ते खोल पाण्याकडे सरकत जाते आणि हात सुटला की मूल तिथेच राहते.

पाण्यात शिरताना पायांनी, चालत, सावकाश शिरायचे. सूर मारायचा नाही आणि मुटकाही मारायचा नाही. गढूळ पाण्यात हातभर खाली कातळ असला तर मान मोडते, आणि मानेची ती इजा जन्मभराची असते. पोहायचे ते काठाला समांतर, पाय टेकेल एवढ्याच खोलीत. समोरच्या काठाकडे तोंड करून नाही. डोक्याला भडक नारिंगी किंवा पिवळी टोपी असावी, म्हणजे काठावरून डोकी मोजता येतात. पाण्याचा वरचा थर उन्हाने कोमट असतो, पण खाली गेले की ते एकदम गार लागते आणि छातीत धस्स होऊन श्वास आत ओढला जातो. तेव्हा तोंड पाण्याखाली असले तर नाकातोंडात पाणी जाते. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो अशी पैज मुले हटकून लावतात, तिला मात्र कडक मनाई करा. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते, आणि तोपर्यंत प्राणवायू संपून मूल कोणतीही पूर्वसूचना न मिळता पाण्याखालीच बेशुद्ध होते. चांगली पोहणारी मुले अशा खेळात गेली आहेत.

वेळ सकाळची ठेवा. मे महिन्यात दुपारनंतर वारा सुटतो, पाण्यावर लाटा उठतात, आणि वळवाचे ढग जमायला अर्धा तासही लागत नाही. गडगडाट ऐकू आला की सर्वांनी बाहेर यायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्याशिवाय परत जायचे नाही. मोठ्या माणसांपैकी कोणी मद्य घेतले असेल तर त्याने पाण्यातही उतरू नये आणि काठावरची जबाबदारीही घेऊ नये.

आता त्या काठावरच्या माणसाकडे येते, कारण या पत्रातले निम्मे महत्त्व त्याचे आहे. बुडणारे माणूस हात वर करून ओरडते, ही आपली समजूत चुकीची आहे. न्यूयॉर्कच्या एका समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून काम केलेल्या फ्रान्सेस्को पिया यांनी बुडणाऱ्यांच्या हालचालींचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा दिसले की खरे बुडणे बहुधा मुके असते. तोंड पाण्याच्या पातळीवर वर-खाली होत राहते आणि मिळेल तो क्षण श्वासातच जातो, ओरडायला तो उरत नाही. हात मदतीसाठी हलवता येत नाहीत, ते बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. डोके मागे कललेले असते, अंग उभे असते आणि शिडी चढत असल्यासारखे दिसते. हे २० ते ६० सेकंद चालते आणि मग मूल खाली जाते. म्हणजे काठावरच्या माणसाने फोनवर एक निरोप वाचेपर्यंत सारे संपलेले असते. म्हणून मी म्हणते की हे काम पाळीने करा, अर्ध्या अर्ध्या तासाने माणूस बदला, आणि ज्याची पाळी आहे त्याचा फोन दुसऱ्याने सांभाळावा. मुलांना अधूनमधून हाक मारावी; ज्याने हाकेला उत्तर दिले नाही त्याच्याकडे लगेच निरखून पाहावे.

या माणसाजवळ असावे ते साधन घरातच तयार होते. पाच लिटरचा तेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन घ्या, नीट फेकला जावा म्हणून त्यात तळाशी थोडेसे पाणी ठेवा, झाकण घट्ट लावा आणि कडीला २० मीटर नायलॉनची दोरी पक्की बांधा. कोणी अडचणीत आले तर आधी मोठ्याने हाका मारून माणसे जमवायची, मग स्वतः खाली बसून, टाचा जमिनीत रोवून, कॅन त्याच्या डोक्यापलीकडे फेकायचा आणि त्याने धरल्यावर ओढून घ्यायचे. माणूस जवळ असेल तर काठी, बांबू, फांदी, काहीही चालते. ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूतल्या पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टरै धरणावर चार तरुण बुडत असताना तिथल्या तीन स्त्रियांनी अंगावरच्या साड्या सोडून, त्या एकमेकींना बांधून पाण्यात फेकल्या आणि दोघांना बाहेर काढले. उडी टाकून वाचवायला जाणे हा मात्र शेवटचा उपाय असून तो प्रशिक्षित माणसासाठीच आहे. बुडणारा समोर येईल त्याच्या खांद्यावर चढतो. तो लहान असला तरी त्या क्षणी त्याची पकड सुटत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा अशी एकाच घरातली माणसे जातात ती यामुळेच.

बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल तर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे यांपैकी काहीही करू नये. त्यात वेळ जातो आणि पोटातले पाणी उलटून फुप्फुसात जाते. प्राणवायूवाचून मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते. उताणे निजवून, हनुवटी वर करून, नाक दाबून आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावेत, ३० दाबांनंतर २ श्वास असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. दुसऱ्याने तोवर १०८ किंवा ११२ क्रमांक फिरवावा. हे वाचून येत नाही, हाताने करून येते. सुटीपूर्वी एका दिवसाचे प्रथमोपचाराचे प्रशिक्षण तुम्ही आणि यजमान दोघांनी घ्या. शुद्धीवर आलेल्या मुलालाही रुग्णालयात न्यावेच, कारण पाणी छातीत गेले असेल तर त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

आजारांविषयी थोडक्यात. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली साचलेल्या गोड्या पाण्यातून नाकावाटे मेंदूत जाणाऱ्या अमिबाचे रुग्ण आढळले. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, परंतु प्राणघातक आहे, म्हणून तळाचा गाळ ढवळू नये आणि नाकाला चिमटा लावणे बरे. पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय दिसली तर तिथे उतरू नये. पायाला जखम असेल तर, आणि विशेषतः पहिला पाऊस पडून गेल्यावर, लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीने पाण्यात न जाणेच योग्य.

पत्राच्या शेवटी तुम्ही एका ओळीत लिहिले आहे की मला स्वतःला पोहता येत नाही, आणि ९ वर्षांच्या मुलीला शिकवावे का हे अजून ठरवलेले नाही. माझ्या दृष्टीने ही ओळ साऱ्या पत्रात सर्वांत महत्त्वाची आहे. पाण्याकाठच्या गावांत धुणे घेऊन रोज पाण्यावर जाणाऱ्या बायका असतात आणि पोहायला शिकवलेले असते ते मुलग्यांना. मुलीला याच उन्हाळ्यात शिकवा, भावाच्या वयाची होईपर्यंत थांबू नका. तुम्हीही तिच्याबरोबर नाव घाला. पुण्यात पुष्कळ तरणतलावांवर स्त्रियांसाठी वेगळ्या वेळा असतात, आणि चाळिशीत शिकलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत. तोवरही तुम्ही काठावर निरुपयोगी नाही. कॅन फेकायला पोहता यावे लागत नाही.

सासऱ्यांशी बोलताना त्यांचे विहिरीचे दिवस खोडून काढू नका. त्यांना सांगा की तेव्हा थारोळ्यावर जो उभा होता त्याची जागा आता तुम्ही घ्या, आणि पहिली पाळी त्यांना द्या. ते काठावर बसले म्हणजे यजमानांचाही विरोध बराचसा मावळेल असे मला वाटते. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात इमारतीच्या आवारात एक घमेले दहा-बारा पावलांवर ठेवा आणि कॅन त्याच्या पलीकडे पडून दोरी घमेल्यावरून जाईपर्यंत दोघा मुलांना आणि स्वतःला रोज सराव करा. दोरी दर वेळी मोकळी करून, गाठ न पडेल अशी सैल वेटोळी करून ठेवायची, हेही त्याच सरावात हाताला बसते.